शपथेआधी एकदा, शपथेनंतर तीनदा

पिंपळगाव रेणुकाई,
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

श्री. राधाकिसनराव यांना त्यांच्या बहिणीचे यजमान तातेराव यांचा रामराम पोचावा.

तुमच्या गुडघ्याला नव्या डॉक्टरचा गुण आला का? साळूबाई वहिनींचा खोकला थांबला का, की अजून अंगणातूनच ओळखू येतो? तुमच्याकडे सोयाबीन घरात आलं असेल. इकडे सगळं ठीक आहे. फक्त सत्यशीला गेले तीन आठवडे माझ्याशी फार चांगलं वागते आहे. मी काही बोललो की ‘बराबर आहे’ म्हणते. एकतीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा घडतंय, आणि म्हणूनच हे पत्र. (फोन केला नाही, कारण फोन घरातलाच, आणि त्यावर मी तुमच्याशी बोलू लागलो की ती शेजारी येऊन बसते. शिवाय तुम्ही फोनवर पाच मिनिटं नुसतं हॅलो म्हणता.)

‘निळ्या वेशीपलीकडे’ ही कादंबरी तुम्ही वाचलेली नाही, हे मला माझ्या लग्नापासून माहीत आहे. थोडक्यात सांगतो. एका गावाची पहाट चोरीला जाते. गावचा मशालजी ती परत आणायला निळ्या वेशीपलीकडच्या दगडी राक्षसांच्या मुलखात निघतो. त्याच्या खांद्यावर एक बोलका पिंगळा असतो, आणि हा पिंगळा मोठा विद्वान. ऐन वेशीवर मशालजीचे पाय लटपटतात, तेव्हा पिंगळा भय, राज्य आणि माणसाचं कर्तव्य या विषयांवर सलग अडतीस पानं बोलतो. राधाकिसनराव, मी जो काही वक्ता झालो तो त्या अडतीस पानांवर. ग्रामसभेत पाणीपुरवठ्यावर बोललो तरी तिसऱ्या मिनिटाला पिंगळा येतो. तुमच्या भागवतच्या लग्नात मी आशीर्वाद द्यायला उभा राहिलो आणि वरातीचा घोडा कंटाळून निघून गेला, तेही भाषण पिंगळ्याचंच होतं.

हे पुस्तक मी सत्यशीलेला दर हिवाळ्यात वाचून दाखवतो. ती तुरीच्या शेंगा सोलते, मी वाचतो. दरवर्षी शेवटच्या पानावर ती एकच प्रश्न विचारते : “मंग त्याची बायको इतके दिवस काय करत होती?” दरवर्षी मी सांगतो, की बाई, कादंबरीचा विषय तो नाही. पुस्तकात ती बायको नवव्या पानावर भाकरी बांधून देते आणि सहाशे ऐंशीव्या पानावर दारात उभी असते. मधल्या काळात ती काय करते हे लेखकाला ठाऊक नाही, तर मला कुठून असणार?

तर या पुस्तकावर यंदा सिनेमा निघाला. जाहिरात लागली त्या दिवशीच सत्यशीला म्हणाली, “आपण दोघं जाऊ.” मी म्हणालो, आधी मी एकटा पाहतो, तुझ्या लायकीचा असला तर नेतो. (हे वाक्य आता आठवलं की मला उचकी लागते.) जालन्याला गेलो, पाहिला, आणि परतीच्या एसटीत मी उभ्यानं थरथरत होतो. बसायला जागा असूनसुद्धा! अहो, वेशीवरचा तो प्रसंग! मशालजी थबकतो, पिंगळा त्याच्या कानाशी वाकतो, मी खुर्चीच्या टोकाला येतो, आणि पिंगळा म्हणतो, “चल.” बस्स. अडतीस पानांचं एवढंच! आणि वाचवलेला वेळ उधळला कुणावर, तर मशालजीच्या बायकोवर. तिला अख्खी बारा मिनिटं. तीही मुकी! नवरा गेल्यावर ती त्याची मशाल रोज सांजेला गावभर फिरवते, गावाला वाटतं मशालजी आहेच, आणि कुणी तिच्या तोंडाकडे पाहतसुद्धा नाही. झालं. याला काय कथानक म्हणतात?

त्याच रविवारी मी देवीच्या देवळासमोरच्या ओट्यावर उभा राहिलो. एक तास चाळीस मिनिटं बोललो. वाङ्मयाची कत्तल कशी होते, मुक्या बायका दाखवून लोकांना कसं गुंगवतात, सगळं मांडलं. आणि शेवटी रंगात येऊन म्हणालो, की ज्याला मराठी पुस्तकाची चाड आहे त्यानं आत्ता, इथं, भंडारा उचलावा, हा सिनेमा पाहणार नाही म्हणून. देवीची हळद मुठीत घेऊन दिलेला शब्द आपल्याकडे कसा पाळतात ते तुम्ही जाणताच. कडूबा गुरव थाळी घेऊन उभा राहिला. मी पहिली मूठ उचलली. कुणी हलेना. माझा शाळेतला जुना विद्यार्थी भिवा मान खाली घालून आपल्या चपला शोधत होता, आणि त्या त्याच्या पायातच होत्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सत्यशीला उठली, थाळीपाशी आली, मूठभर हळद उचलली, कपाळाला लावली आणि जागेवर जाऊन बसली. मग गाव उठलं. त्या वेळी मला वाटलं, की हा माझ्या वाणीचा प्रताप.

आता तुम्ही म्हणाल, मग दाजी, शपथेनंतर तीनदा कसा पाहिला? ऐका. शत्रूवर हल्ला करायचा तर त्याचा किल्ला नीट पाहावा लागतो. भोकरदनच्या वाचनालयात या विषयावर माझं व्याख्यान ठरलं होतं, म्हणून सिनेमातल्या चुका टिपायला मी वही घेऊन पुन्हा जालन्याला गेलो. (ते पाहणं नव्हे. ती तपासणी.) मध्यांतरापर्यंत चोवीस चुका झाल्या. समोसे घ्यायला बाहेर आलो तर पुढं भिवा, त्याची बायको, सासू आणि दोन मेव्हण्या. मी वही वर केली. भिवा घाबरून म्हणाला, “सर, म्या बी चुकाच काढाया आल्तो.” मी विचारलं, किती निघाल्या? तो म्हणाला, “अजून एक बी न्हाई सापडली. सासूला इच्यारू का?” मी परत जाऊन बसलो. मध्यांतरानंतर मला तीनच चुका सापडल्या, आणि त्यांतल्या दोन पुस्तकातल्याच होत्या. दगडी राक्षसाच्या डाव्या हाताला पुस्तकात कुठं पाच बोटं आहेत, कुठं सहा. तीस वर्षांवर वाचतोय, कधी दिसलं नव्हतं. पडद्यावर मोजता आली.

तिसऱ्यांदा मी संभाजीनगरला गेलो. तिथं मला कुणी ओळखत नाही. अंधारात बसलो, डोळे सरावले, तर शेजारच्या खुर्चीत कडूबा गुरव. मी कडाडलो, गुरव, तुम्हीसुद्धा! तो शांतपणे म्हणाला, “सर, म्या भंडारा दिला, उचलला न्हाई. थाळी धरणाऱ्याला शपथ लागत न्हाई. तुमचं काय?” मी म्हणालो, बघा समोर, सुरू झाला. आणि त्या दिवशी, राधाकिसनराव, वेशीवरचा प्रसंग आला, पिंगळा वाकला, ‘चल’ म्हणाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. पाय लटपटणाऱ्या माणसाला अडतीस पानं कोण ऐकवतं? तो वेशीवरच म्हातारा व्हायचा. मला भागवतच्या लग्नातला घोडा आठवला आणि प्रथमच त्या जनावराचं म्हणणं पटलं.

चौथ्यांदा कशाला गेलो ते खरं सांगतो. त्या बारा मिनिटांसाठी गेलो. ती बाई मशाल घेऊन फिरते, तेलानं हात पोळतो, घरी येते, हाताला राख लावते, आणि कुणाला सांगत नाही. मला एकदम आपला ओटा दिसला, कडूबाची थाळी दिसली, आणि बायकांच्या बाजूनं उठलेली तुमची बहीण दिसली. माझी वाणी त्या दिवशी पडली होती, तिनं ती झेलली. जो सिनेमा पाहायला ती जाहिरातीच्या दिवसापासून आसुसली होती, त्याच्याच विरोधात तिनं मूठ उचलली, मला चार लोकांत तोंडघशी पडू द्यायचं नाही म्हणून. मी पंख्याखाली बसलो होतो, पंख्याची धूळ डोळ्यांत गेली. दोन्ही डोळ्यांत गेली.

घरी आल्यावर सदरा धुवायला टाकला. खिशात तिकीट. सत्यशीलेनं ते वाळत घातलं, दोरीवर, चिमटा लावून. संध्याकाळी मला चहा दिला आणि एवढंच विचारलं, “कसा हाय?” मी म्हणालो, मोबाइलवर येईल तेव्हा घरात बसून बघ. ती म्हणाली, “भंडाऱ्याला मोबाइल कळत न्हाई का?” अख्ख्या गावानं तो सिनेमा पाहिला, राधाकिसनराव. शपथ पाळणारं माणूस गावात एकच उरलंय.

मी कडूबाकडे गेलो. विचारलं, शपथ उतरते कशी? तो म्हणाला, “ज्यानं उचलाया लावली त्यानंच उतरवायची. त्याच ओट्यावर, त्याच लोकांपुढं, तेवढ्याच आवाजात.” परवाच्या रविवारी मी त्यासाठीच ओट्यावर चढलो. ‘माझी चूक झाली’ हे वाक्य पाठ करून गेलो होतो. पण उभा राहिलो की माझी जीभ माझी राहत नाही. पहिली पाच मिनिटं प्रस्तावना केली, आणि विसाव्या मिनिटाला मी पुन्हा सिनेमाला झोडपत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिवा सगळ्यात जोरात. सत्यशीला पहिल्या ओळीत बसली होती. तिनंही वाजवल्या, हळू.

जालन्याच्या थिएटरात सिनेमा येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारपर्यंतच आहे, असं तिथल्या माणसानं सांगितलं. बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार, भागवतला आशीर्वाद (छोटा).

आपला,
तातेराव

ता. क. १ : मुद्द्याचं राहिलंच. या रविवारी चार वाजता तुम्ही इथं या. मी ओट्यावर बोलायला लागलो, की उठा आणि मला अडवा. मला वादात हरवा. आजवर मला कुणी हरवलेलं नाही, पण बायकोच्या भावापुढं माघार घेण्यात आपल्याकडे कुणी कमीपणा मानत नाही, उलट रीत म्हणतात. तुम्ही सिनेमाच्या बाजूनं काय बोलायचं ते सोबतच्या दोन कागदांवर लिहिलं आहे. पाठ करा. ‘चल’वरचा मुद्दा शेवटी ठेवा, तो बिनतोड आहे. मात्र जल्दी जिंकू नका. मला किमान वीस मिनिटं बोलू द्या.

ता. क. २ : सत्यशीलेला यातलं काही कळता कामा नये. पाकीट तिच्याच हाती जाफराबादच्या जीपवाल्याकडे पाठवतो आहे. ती दुसऱ्याचं पत्र कधी वाचत नाही.

ता. क. ३ : भाऊ, मी सत्यशीला. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं, आणि वर दोन वेळा सांगितलं की वाचू नको. मंग वाचलं. तुमच्यासाठी लिहिलेले दोन कागद मी काढून घेतले आहेत. रविवारी तुम्ही जरूर या, पण मागं बसा आणि उठू नका, गुडघ्याला त्रास होईल. उठणार मी. त्या बाईनं इतके दिवस काय केलं, हे मी ह्यांना सगळ्यांपुढं एकदा विचारणार आहे. एवढंच. मला दोन कागद लागत न्हाईत. ह्यांना ह्यावेळी उत्तर माहीत आहे, आणि ते देऊन ह्यांनी शपथ उतरवल्याशिवाय मी खाली बसणार न्हाई. सोमवारच्या पहिल्या खेळाची जालन्याची दोन तिकिटं काढून ठेवा, आपण दोघं जाऊ. दोनच काढा. ह्यांचा पाहून झालाय.