आमच्या कुटुंबातल्या आईस

दि. ४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, दूध वर यायची वाट बघत मी शेगडीपाशी उभी होते आणि तुझे बाबा दारात बसून बुटांना पॉलिश करत होते. तुला नोकरी लागल्याचा फोन आला तो तेव्हाच. मी पगार विचारला. बाबांनी एवढंच विचारलं, की सुटतेस किती वाजता? तू हसलीस आणि म्हणालीस, आमच्याकडे सुटायची वेळ नसते बाबा, आम्ही सगळे एक कुटुंब आहोत. माझं दूध उतू गेलं. ते दुसरा बूट पुसायला लागले.

बाबा गेले, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

आता कामाचं. डावा डोळा मागेच गेला. उजव्यातला मोतीबिंदू २१ तारखेला, गुरुवारी, काढायचा आहे. घरचं माणूस सोबत हवं म्हणतात. बाबांच्या माघारी माझी संध्याकाळ पुस्तकात जाते. हाही डोळा गेला तर ती कुठे घालवू? भीती वाटते, म्हणून लिहिते. फोनवर तू नुसतं हं हं करतेस.

लोभ आहेच, सवड झाली की वाढवावा.
तुझी आई


दि. ९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मी येतेच आहे. दादांना सांगितलं. दादा म्हणजे आमचे मालक, इथे सगळे त्यांना दादाच म्हणतात. ते लगेच म्हणाले, आई ती आई, काम काय होतच राहतं. फक्त एका कंपनीसाठी 'काम आणि घर यांचा तोल सांभाळा' अशी पोस्टरं करतोय, ती तेवढी आधी संपवायचीत. आता ऑफिसातच झोपायला गाद्या आणल्यात. उशासुद्धा मऊ आहेत! मध्यंतरी खोलीवर गेले तर कुंडीतलं रोप वाळून काटकी झालेलं.

हे पत्र ऑफिसच्या कागदावर लिहितेय, म्हणजे लांबून कामच करतेय असं दिसतं.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी ठमी


दि. १३ मार्च

चि. ठमीस,
अ. आ. वि. वि.

पत्र शेजारच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. तोल सांभाळा असं लोकांना सांगायचं म्हणून पोरींना ऑफिसात झोपवणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या दुकानात मशीनवर झाकण पडलं की काम संपलं, मग गिऱ्हाईक दारात नाचलं तरी.

उशा मऊ आहेत म्हणे! अगं, त्याने गादी टाकली ती तुझ्या घरी जायच्या वाटेवर. एवढं कळत नाही तर एवढी शिकलीस कशाला? आणि दादा म्हणवून घेतो, तर एका तरी बहिणीला कधी घरी पोचवून आला का, विचार त्याला.

तू ये. नुसती ये. लॅपटॉप आणलास तर पाण्याच्या पिंपात बुडवीन.

लोभाचं पुढे बघू.
आई


दि. १८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. पोस्टरं झाली. पण दादांनी सगळ्यांच्या घरी भेटीची टोपली पाठवायची ठरवलीय, आणि तुझं ऑपरेशन म्हणून पहिली तुलाच. शुभेच्छापत्र कोणी करायचं, तर ते म्हणाले जिची आई तिनेच करावं, म्हणजे त्यात जीव ओतला जाईल. पण काम सारखं परत येतंय. अक्षर आणखी हलकं, आणखी नाजूक हवं म्हणतात. एक झालं की बाकीच्यांचीही करायचीत. त्यामुळे गुरुवारी पोचणं जमणार नाही. शुक्रवारी नक्की. टोपली मात्र बुधवारीच येईल.

लोभ कमी करू नकोस.
ठमी


दि. ३० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. वि. वि.

उजव्या डोळ्याने लिहिते आहे, तेव्हा डोळा कसा आहे ते वेगळं सांगत नाही.

टोपलीतला साबण चांगला आहे. कार्ड पाहून मात्र मला आधी वाटलं, कोरा कागद घालून पाठवलाय. उलटून पालटून पाहिला. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, तीही केसासारखी. मोतीबिंदूच्या बाईला! शिंपीणबाई सुईत दोरा ओवतात, त्यांनाही चष्मा लावून उन्हात जावं लागलं. तिथून त्यांनी वाचलं, की आमच्या कुटुंबातल्या आईस लवकर स्वच्छ दिसू लागो. खाली सगळ्यांच्या सह्या, दादांची तेवढी ठसठशीत. तुझी सापडली नाही. शिंपीणबाईंना हसून हसून ठसका लागला. मी हसले नाही, कारण काम तुझं होतं आणि सुबक होतं. बाबांनी ते जपून ठेवलं असतं, आणि त्यावरून आमचं भांडण झालं असतं.

शुक्रवारी तू आलीस. माझा हात हातात घेतलास आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर दादांना कुठली फाइल कुठे आहे ते सांगत बसलीस. माझा डोळा बांधला होता गं, कान नव्हते बांधले.

लोभ असावा, आणि तो घेऊन जायला एखादा दिवस मोकळा असावा.
तुझी आई

ता. क. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. टोपली आली त्या संध्याकाळी मी तुझी वाट बघायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंनी दुकान उघडलं नाही, आम्ही दोघी दवाखान्यात गेलो, आणि सोबत घरचं कोण आहे असं नर्सने विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.