डावीकडची जागा

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

दिवाळीनंतर आज ठाण्याला कॉलेज सुरू. सगुणा मॅडमनी सरावपाठांसाठी प्रत्येकाला एकेक विद्यार्थी दिला. दिव्यांग विद्यार्थ्यांचं शारीरिक शिक्षण — एम.पी.एड.ला हा विषय मीच निवडलेला. तेव्हा राजरत्न होता.

मला कादंबरी मिळाली. सतरा वर्षांची, दिव्याला राहते, जन्मापासून अंध. धावते. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड आहे, तिला राज्य स्पर्धेला जायचंय. तिच्याबरोबर धावणारी मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली.

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रचना, जड जात असेल तर बदलून देते." मी म्हटलं, चालेल. काय चालेल ते त्यांनाही कळलं नसेल, मलाही नाही.

राजरत्न फेब्रुवारीत गेला. कावीळ. माझा धाकटा भाऊ. त्याला दिसत नव्हतं, पण शाळेपासून धावायचा. मी त्याच्या उजव्या बाजूला. मध्ये आखूड दोरी — एक टोक त्याच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. दोघांचे हात एकत्र पुढे, एकत्र मागे. दुसऱ्या कोणाबरोबर मी कधी धावलेच नाही.

१४ नोव्हेंबर

डोंबिवलीच्या मैदानावर पहिला सराव. कादंबरी माझ्या खांद्याला लागते. वीस मिनिटं मी "वळण", "सरळ", "थांब" एवढंच बोलले असेन.

"मॅडम, तुम्ही बोलत नाही का? की मला ऐकू पण येत नाही असं वाटलं?"

मी हसले. मग आठवलं, हसलेलं तिला कसं कळणार! म्हटलं, "मी कमी बोलते."

"चालेल. मी दोघींचं बोलते." आणि खरंच बोलत राहिली. मैत्रिणींच्या कागाळ्या, दिव्यात पाणी न आलेलं, बाबांचा मोबाइल पडला ते. शेवटी म्हणाली, "पण पाय जरा लहान टाका हां. मी काय उंट आहे?"

१९ नोव्हेंबर

आईबरोबर विठ्ठलवाडी स्टेशनजवळ भाजीला गेले. परत येताना मी मोठ्याने म्हटलं, "खड्डा."

"दिसतोय गं मला," आई म्हणाली.

ती माझ्या उजवीकडे चालत होती. मी डावीकडे बोलले होते. तिथे एका माणसाची जागा सोडून चालते म्हणे मी, रोज. आईने आज सांगितलं.

२७ नोव्हेंबर

वेळ सुधारत नाही. कादंबरी एकटी, शिट्टीच्या दिशेने, जास्त मोकळी धावते. माझ्याबरोबर अडते.

आज ती मध्येच थांबली. "मॅडम, कोण होता?"

"कोण?"

"ज्याच्यासोबत तुम्ही धावता. उंच होता ना? तुमचा हात सारखा वर जातो. माझा खांदा दुखतो."

सांगितलं. भाऊ होता, एवढंच. ती "अच्छा" म्हणाली.

ट्रॅकवर पुन्हा उभ्या राहिलो. मी हात खाली ठेवायचा प्रयत्न केला. जमला — वळणापर्यंत. वळणावर तो आपोआप वर गेला.

६ डिसेंबर

यंदा चैत्यभूमीला गेलो नाही. राजरत्नशिवाय आईला जावंसं वाटेना. घरीच मेणबत्ती लावून वंदना घेतली.

८ डिसेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

आज ठाण्यात निवड होती. चारशे मीटर. कादंबरी कमाल धावली. शेवटच्या वळणावर आम्ही पुढे. रेषा समोर. नियम साधा आहे — सोबत्याने धावणाऱ्याच्या आधी रेषा ओलांडायची नाही. वर्गात हे मी इतरांना शिकवलंय!

राजरत्न रेषेजवळ छाती काढून पुढे झेपावायचा. उंच. मी फक्त अर्धं पाऊल आखडतं घ्यायचे, बाकीचं त्याची उंची करायची. आज तेच केलं. अर्धं पाऊल. कादंबरीला ते कुठून पुरणार? माझी छाती आधी पार गेली. पंचांनी लाल निशाण दाखवलं. बाद.

तिला निशाण कसं दिसणार. ती हात वर करून ओरडत होती, "आली ना मी पहिली? मॅडम? आली ना?"

मलाच सांगावं लागलं.

तिने डोळ्यांवरची पट्टीही काढली नाही — कुणाला थोडंही दिसू नये म्हणून स्पर्धेत सगळ्यांना बांधतात ती. मग म्हणाली, "पदक तुम्हालाच पाहिजे होतं, तर आधी बोलायचं ना." आजूबाजूचे हसले. ती हसली नाही. स्टेशनला जाताना रिक्षात तिने माझा हात धरला नाही, दांडा धरला.

९ डिसेंबर

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पंधराशे मीटरची निवड पुढच्या रविवारी आहे. एवढी एकच संधी उरलीय तिची. ऋतुराजला उभं करते." ऋतुराज माझ्याच वर्गातला. चांगला धावतो, उंचीही बेताची. मी मान हलवली. योग्यच आहे.

संध्याकाळी कादंबरीचा फोन. "ऋतुराज सर आज धावले माझ्यासोबत."

"मग? जमलं?"

"जमलं. ते छान आहेत. सारखं 'व्वा, शाब्बास' करतात. मी नर्सरीत आहे असं वाटतं." थांबली. "मॅडम, तुम्हाला हात ऐकायला येतो. फक्त माझा नाही ऐकत. उद्या या."

"कादंबरी, आता जोखीम नको. संधी एकच आहे."

"माझी आहे ना? मग मी बघते. या."

१० डिसेंबर

ऋतुराजला विचारलं. म्हणाला, "अगं जा ना, तिने मला कालच काढून टाकलंय."

मैदानावर कादंबरीने आपली काळी पट्टी काढून माझ्या डोळ्यांना बांधली. "आज मी नेणार. हे मैदान मला पाठ आहे. तुम्ही फक्त हात ऐका."

धावले म्हणणं बरोबर नाही. चाचपडले. पुढे भिंत आहे असंच वाटत होतं. राजरत्नला रोज असंच वाटत असेल का? मी त्याला कधी विचारलं नाही. तोही बोलला नाही.

"त्याला सोडा," कादंबरी म्हणाली. ओरडली नाही. "इथे मी आहे."

दुसऱ्या फेरीत दोरी ऐकू यायला लागली. छोटा झोका. जलद. कोपर अंगाजवळ. शेवटी किंचित बाहेर जातो, हट्टी असल्यासारखा. हा तिचा हात. इतके दिवस तो माझ्या हाताला बांधलेला होता आणि मला माहीत नव्हता.

पट्टी काढली तेव्हा आतून ओली होती. तिने हात लावून पाहिली. "घाम आहे," मी म्हटलं.

"हो, हो. डोळ्यांना खूप घाम येतो," म्हणाली, आणि पट्टी तशीच बांधून घेतली.

१३ डिसेंबर

रोज दोन्ही वेळा सराव. हात खाली राहतो.

१५ डिसेंबर, रविवार

पंधराशे मीटर. दुसरी आली. निवड झाली!

रेषेआधी मी पूर्ण एक पाऊल मागे होते. ती पार गेली तेव्हा मला तिची पाठ दिसली. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कादंबरी सगळ्यांना सांगत होती, "आज मॅडमना पदक नको होतं."

१७ डिसेंबर

आज आई म्हणाली, "सरळ चालतेस हल्ली." मी रस्त्याच्या कडेने, अगदी भिंतीलगत चालत होते. डावीकडे जागाच नव्हती.

२२ डिसेंबर, रविवार

आईने दुपारी अचानक विचारलं, राजरत्न धावताना हात कसा हलवायचा, दाखव ना एकदा. मी उभी राहिले. डावा हात हलवला. छोटा, जलद झोका. कादंबरीचा. थांबले, पुन्हा केला. तोच येतो. कितीदा केलं, तोच. त्याचा येतच नाही.

आई डोळे पुसत म्हणाली, "हां. अगदी असाच."

मी हलवत राहिले.