परत जाताना न्यायच्या वस्तू

३ मार्च, सोमवार

कोपऱ्यावरचं सुपरमार्केट उघडलं एकदाचं. सहा महिने पत्र्याआड नुसती ठोकाठोक. आज दारात फुगे, आत डोळे दिपतील एवढे दिवे. सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं. इथे येऊन त्यांना पाच महिने झाले, पण जिना उतरल्या त्या फक्त दवाखान्यापुरत्या.

ट्रॉली बघून म्हणाल्या, "हिला आपण ढकलायचं, की ही आपल्याला नेणार?"

तासाभराने ट्रॉलीत माझं दूध, पाव, अंडी. आणि त्यांचे साबण — अकरा!

"आई, एवढे?"

"परत जाताना न्यायला गं. शेजारणीला दोन, शिंपिणीला एक, दूधवाल्याच्या बायकोला एक... परदेशातून हात हलवत गेले तर लोक काय म्हणतील?"

त्या वेष्टनावरूनच एकेक साबण हुंगून मला देत होत्या. मी घेत होते, पिशवीत भरत होते.

५ मार्च, बुधवार

इथे तरी लिहून टाकते. परत जायला घर नाहीये. ते विकलंय.

सप्टेंबरात त्या बाथरूममध्ये पडल्या आणि रात्रभर तशाच पडून राहिल्या. सकाळी शेजारणीने दार फोडून त्यांना बाहेर काढलं. नवरा आणि मी धावत गेलो. एकटं ठेवायचं नाही हे ठरलंच. पण त्या घर सोडायला कधीच तयार झाल्या नसत्या, असं त्याचं म्हणणं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी — "आई, बँकेचा कागद आहे, सही कर." तो बँकेचा नव्हता. त्याच्या जोरावर जानेवारीत घर विकलं गेलं. आता तिथे दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत असतील.

सही घेताना तो पेनासाठी खिसे चाचपत होता. पर्समधून पेन मी काढून दिलं. मला माहीत होतं कागद कसला आहे ते.

त्यांना सांगितलंय — थंडी संपली की, एप्रिलमध्ये, परत.

९ मार्च, रविवार

तिसरी फेरी. आज नेलकटर, केसांच्या पिना, टॉर्च. शिवाय रंगीत कागदातल्या चॉकलेटांचा मोठा डबा — शेजारणीच्या नातवंडांना. डब्यावरचं मी सावकाश लावून लावून वाचलं. भांडी धुवायच्या मशीनच्या गोळ्या! "बरं झालं वाचलंस," म्हणाल्या, "पोरांची तोंडं घासून निघाली असती." दोघी इतक्या हसलो की माणसं वळून बघायला लागली.

गल्ल्यावरच्या बाईशी चक्क घासाघीस. अस्सल मराठीत! "एवढं घेतलं तुमच्याकडून, काहीतरी वर द्या की." त्या बाईला एक अक्षर कळलं नाही, पण हावभाव कळले असावेत. तिने ड्रॉवरमधून उद्घाटनाचा उरलेला फुगा काढून दिला. सासूबाई विजयी मुद्रेने घरी आल्या.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी विचारतो, "आई, आज काय घेतलंस?" मग त्या सोफ्यावर सगळं मांडतात. हे हिचं, हे तिचं. तो एकेक वस्तू उचलून बघतो, चिडवतो. "बॅग फुटेल तुझी!" "मग दुसरी घे मला." दिवसभरात तेवढाच वेळ त्याच्या कपाळावर आठी नसते.

मी तेव्हा स्वयंपाकघरात असते. ओटा पुसते. पुसलेलाच परत पुसते.

१२ मार्च, बुधवार

तिकिटाचं मात्र एकदाही विचारत नाहीत. इतका विश्वास!

१४ मार्च, शुक्रवार

नवऱ्याशी वाजलं. दार लावून, कुजबुजत — भांडणसुद्धा धड मोठ्याने करता येत नाही.

"आता सांग त्यांना."

"एप्रिल येऊ दे."

"एप्रिल अठरा दिवसांवर आलाय!"

"मग तूच सांग ना. तुला एवढं टोचतंय तर."

आणि पाठ फिरवून झोपला. झोपला कसला, श्वासावरून कळतं मला.

मी का नाही सांगत? त्यांच्या तब्येतीला जपते म्हणून? की त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर जाईल म्हणून? आणि सांगायचंय ते तरी कशासाठी — त्यांना खरं कळावं म्हणून, की माझ्या डोक्यावरचा भार उतरावा म्हणून?

आणखी एक. घर विकल्याचा फोन आला तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. आता दर सुट्टीत तिथे जायला नको. हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला.

१८ मार्च, मंगळवार

आज त्या कुलपांपाशी थांबल्या. चांगलं वजनदार, पितळी कुलूप निवडलं. हातात तोललं, किल्ली फिरवून बघितली. दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"दाराचं जुनं झालंय," म्हणाल्या.

सगळं चालेल, साबण चालतील, पण हे मी गल्ल्यावर कुठल्या तोंडाने ठेवू? तेवढ्यात त्यांनीच ते परत खिळ्याला अडकवलं. "नको. आहे ते चालतंय."

देवा, सुटले — असं वाटलं. आणि लगेच लाज वाटली.

घरी येताना माझा दंड धरून चालत होत्या. हात कापसासारखा हलका. ज्या माणसाने फसवलं त्याचाच आधार घेऊन चालतायत. आता नाही राहवत. याच आठवड्यात सांगायचं. तो नाही तर मी.

२२ मार्च, शनिवार

सांगितलं.

सुपरमार्केटमध्येच, कंगव्यांपाशी. घरी धीर झाला नसता. महिनाभर मनात जुळवलेली सगळी वाक्यं ऐनवेळी पळाली. तोंडातून एवढंच आलं, "आई, घर राहिलं नाहीये. जानेवारीत विकलं. तुम्ही सही केलेला कागद बँकेचा नव्हता. पेन मी दिलं होतं."

त्या कंगव्याचे दात अंगठ्याने मोजत होत्या.

"हो का," म्हणाल्या. "मग सहा घेऊ की आठ?"

मला वाटलं, ऐकूच आलं नाही. परत सांगितलं, जरा मोठ्याने. मागे एक माणूस ट्रॉली घेऊन खोळंबला होता, त्याला वाट द्यायला आम्ही दोघी कडेला सरलो.

"ऐकलं गं. ओरडू नकोस, लोक बघतायत."

आठ घेतले. गल्ल्यावर घासाघीस केली नाही. वाटेत माझा दंड मात्र धरला होता.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आज काय घेतलंस?" आणि त्यांनी आठ कंगवे सोफ्यावर ओळीने मांडले! हा शेजारणीला, हा शिंपिणीला. दूधवाल्याला टक्कल आहे, तरी त्याला एक. तो खदखदून हसला. त्याही हसल्या. मी दारात उभी, हातात ओलं फडकं.

डोक्यावर परिणाम झाला का त्यांच्या? मी केलं हे. माझा भार उतरवायला मी एका म्हाताऱ्या बाईचं डोकं फिरवलं.

२३ मार्च, रविवार

दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघतेय. जेवल्या. पेपरातली चित्रं बघितली. दुपारी आडव्या झाल्या. नवऱ्याला काही सांगायची हिंमत नाही. डॉक्टरांना काय सांगू — बाई दुःखी होत नाहीत?

२४ मार्च, सोमवार

नवरा ऑफिसला गेला. दार लागल्याचा आवाज येईपर्यंत त्या थांबल्या, मग मला जवळ बसवलं.

"त्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं — घर विकायचा अधिकार मुलाला देत आहे म्हणून. चष्मा लावून सगळा वाचला होता मी. मगच सही केली."

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"त्याला कळू देऊ नकोस हं. लहानपणापासून त्याला एक खोटं धड बोलता आलं नाही. एवढं एकच जमलंय. असू दे."