अंगासरसा शर्ट

प्रिय चिमे,

तुझे ब्लाउज पाठवतेय. बाह्या तू सांगितल्यास तशाच ठेवल्यात, उगाच नाक मुरडू नकोस. साहेबांचा शर्ट मात्र या पुडक्यात नाही. का नाही ते सांगायलाच बसलेय, पण धीर होत नाहीये.

आज मशीनवर बाबांची फार आठवण आली. आपल्या तिघांना त्यांनी शेजारी बसवून काजं करायला शिकवलं. तुझी काजं नेहमी वाकडी. दादाची नजर मात्र अशी, की रस्त्यावरून जाणाऱ्याच्या छातीचं माप बसल्या जागी सांगायचा. तोच दादा पुढे सुऱ्या-पिस्तुलांत रमला, आणि आता त्याची पोरं नुसती दिसली तरी बाजार बंद होतो. मंत्रिसाहेब त्याच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा पाणी घेऊन तू गेलीस. पुढे तुमचं जमलंय हे कळल्यावर दादा चिडेल म्हणून मी घाबरले होते. तो हसला. चिमी त्यांच्याजवळ आहे तोवर पोलीस आपल्या दाराशी येत नाहीत, म्हणाला. त्या हसण्याची मला किळस आली. तुला बोलले नाही, कारण तू खरंच जीव लावून बसली होतीस.

आता वारं फिरलंय. निवडणूक आली आणि साहेबांना दादा नकोसा झाला. त्याची माणसं एकेक करून आत जातायत. दादा जेवायला बसतो आणि ताटावरून तसाच उठतो.

साहेबांचे शर्ट मी छातीत ढगळ शिवते, आत बुलेटप्रूफ जाकीट असतं म्हणून. त्यात ते पोत्यासारखे दिसतात, ही तुझी नेहमीची तक्रार. या खेपेला तू निरोप धाडलास, गुरुवारी माझ्याकडे येतील तेव्हा जाकीट घालणार नाहीत, मी कबूल करून घेतलंय, अंगासरसा शिव. वेडी गं तू. आपल्या माणसाला नटवायची हौस कोणाला नसते, शिवताना मलाही बरं वाटत होतं. शर्ट हँगरला लावला आणि तेवढ्यात दादा आत आला. त्यानं कापडाला हातही लावला नाही. दारातूनच म्हणाला, "यात जाकीट मावत नाही. गुरुवारचा आहे ना?"

माझ्या तोंडाकडे बघून त्यानं काय ते ओळखलं.

जाताना त्यानं एवढंच सांगितलं, गुरुवारी चिमीला मापाच्या निमित्तानं इकडे बोलावून घे. म्हणून हे पत्र. माझा फोन येईल, दादा शेजारी उभा असेल आणि मी तुला मापाला ये म्हणेन. तुझं माप मी कधी घेतलंय गं, ते माझ्या बोटांत आहे. साहेबांना काही सांगायचं नसेल तर मुकाट्यानं ये, मी दार उघडून ठेवते. सांगायचं असेल तर इकडे फिरकूही नकोस, त्यांच्याबरोबरच लांब निघून जा. हे कोणाच्या तोंडून फुटलं ते दादाला कोणाला विचारावं लागणार नाही. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. पण मी इथेच मशीनवर असेन.

तुझीच,
ताई