एकशे बारा कार्डं

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
एकशे बारावं कार्ड लॅमिनेशन मशीनमध्ये अडकलं होतं, ते ओढून काढलं. कोपरा दुमडला. अक्षर शाबूत. किट पूर्ण. नाव: झेप-३०. तीस दिवसांत वाचन. कुठलंही मूल, कुठलाही देश.

नऊ गरीब देशांतल्या शिक्षकांचं एक नेटवर्क आहे. संशोधन आणि नवे प्रयोग एकमेकांना द्यायचे, असा उद्देश. १९ डिसेंबरला त्यांची ऑनलाइन बैठक आहे. आपल्या भागातला एक प्रयोग निवडून नऊही देशांत नेणार. संयोजक संचिता मॅडम. त्यांनी ईमेलमध्ये झेप-३०ला 'इंटरेस्टिंग' म्हटलंय. म्हणजे निवड झाल्यातच जमा. या देशांना कुणीतरी दिशा द्यायलाच हवी.

हेमालीला तसं वाटत नाही. भाईंदर पूर्वेचा आमचा दोघांचा कोचिंग क्लास सध्या ती एकटी चालवतेय. निवड झाली नाही तर २० डिसेंबरपासून आठवीची बीजगणिताची बॅच मी घ्यायची, असं तिने ठरवलं. मी लगेच हो म्हटलं. हरणारच नसलो की पैज लावायला काय जातं.

संकल्प: रोज एक रिसर्च पेपर वाचणे. फरसाण बंद.

११ नोव्हेंबर
उत्तनच्या शाळेत गेलो. चौथीचा वर्ग, अठ्ठावीस मुलं, व्हेरा टीचर. आठ वाजता वर्गात चार मुलं होती. बाकीची किनाऱ्यावर, आयांबरोबर बोंबील वाळत घालायला. टीचरही तिथेच. मोसम असला की पहिला तास त्या बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडींखाली घेतात. बोंबील टांगता टांगता मुलं एकमेकांना वाचून दाखवतात. साडेनऊला सगळी वरात शाळेत येते. बावीस वर्षं हे चाललंय. कुठे सांगितलं का नाही, असं विचारलं. कुणी विचारलं नाही, म्हणाल्या. मागासलेपण ते हेच.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे त्यांना सोप्या शब्दांत समजावलं. तीस दिवस किनारा बंद. हेडमास्तरांची परवानगी आधीच घेतलीय. टीचर म्हणाल्या, पोरं येणार नाहीत. मी म्हटलं, कार्डं पाहिली की धावत येतील.

गेल्या महिन्याच्या चाचणीत अठ्ठावीसपैकी एकोणीस जणांनी परिच्छेद वाचला होता. वास येणाऱ्या जागी बसून एकोणीस! तर माझ्या हाताखाली अठ्ठावीस नक्की.

दोन नियम लिहून भिंतीवर लावले. एक, कार्डं रोज वापरात राहिली पाहिजेत. दोन, शेवटच्या चाचणीला गैरहजर तो नापास. शिस्तीशिवाय संशोधन नाही.

१४ नोव्हेंबर
हजेरी सतरा. 'म'चं कार्ड दाखवलं. मासा. चित्र इंटरनेटवरचं, एकदम स्वच्छ. ट्रेसी नावाच्या मुलीने विचारलं, कुठला? मी म्हटलं, मासा. ती म्हणाली, हो सर, पण कुठला? रावस नाही, घोळ नाही, यावर वर्गाचं एकमत झालं. पुढे मतभेद. एकाने कल्ले बघायला मागितले. शेवटी असला मासा बाजारात नेला तर तसाच परत आणावा लागेल, असं ठरलं. पंचवीस मिनिटं गेली.

नोंद: मुलांच्या मूलभूत संकल्पना कच्च्या आहेत.

पेपर वाचला. अर्धा. उरलेला अर्धा पुरावे होते.

१६ नोव्हेंबर, रविवार
मोरव्याला बाबांकडे. आयुष्य मिठागरात गेलं, शिक्षणाशी संबंध नाही, तरी मत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्यांच्या तरुणपणी एक साहेब मिठागर सुधारायला आला होता. नकाशा घेऊन, ऐन उधाणाच्या दिवशी. मग काय झालं, असं मी विचारलं. म्हणाले, "त्याचा बूट हाय अजून आपल्याकडं. एकच."

यापुढे त्यांच्याशी कामाचं बोलायचं नाही.

फरसाण खाल्लं. पाहुणचार म्हणून. हे धरायचं नाही.

२७ नोव्हेंबर
हजेरी नऊ. थंडीमुळे.

संकल्पात सुधारणा: आठवड्याला एक पेपर. खोलवर.

५ डिसेंबर, शुक्रवार
पालक जागृती सभा. सकाळी आठची वेळ ठेवली, कारण अभ्यासाप्रमाणे सकाळी मन ताजं असतं. पालक आले नाहीत. सगळ्या आया किनाऱ्यावर. तरी सभा रद्द केली नाही. व्हेरा टीचरना समोर बसवून चाळीस मिनिटं बोललो. बाईंनी फक्त एकदा घड्याळ पाहिलं.

निघताना त्यांनी विचारलं, सकाळचा एकच तास खाली किनाऱ्यावर जाऊ का? मुलं मागं पडतायत. मी म्हटलं, डेटा बिघडेल. त्यांनी भिंतीवरचे नियम पुन्हा एकदा वाचले. पटलं असावं.

१२ डिसेंबर
हजेरी अकरा. नवावरून अकरा, म्हणजे बावीस टक्के वाढ. संचिता मॅडमना कळवलं.

संकल्पात सुधारणा: पेपरचा सारांश वाचला तरी चालेल. मोठी माणसं तेच करतात.

१८ डिसेंबर, गुरुवार
चाचणी. हजर तेरा. परिच्छेद वाचला अकरा जणांनी.

नियम दोनप्रमाणे उरलेले पंधराही नापास. म्हणजे एकोणीसवरून अकरा. हे दिशाभूल करणारं आहे. नियम दोन भिंतीवरून काढला. तेरातले अकरा म्हणजे पंच्याऐंशी टक्के. स्लाइड सजवली. आकडा हिरव्या रंगात, मोठा.

मालावी नकाशात शोधला. उद्या तिथल्या एक शिक्षिका प्रश्न विचारणार आहेत. समुद्र नाही त्यांना, एक सरोवर आहे. बिचारे.

१९ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७
चारला बैठक सुरू झाली. शाळेच्या कॉम्प्युटरवर मी. शेजारी व्हेरा टीचर, स्थानिक वातावरण म्हणून. पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत सगळं उत्तम. मग मालावीच्या चिसोमो टीचरनी विचारलं, वर्ग अठ्ठावीसचा आहे, उरलेली पंधरा मुलं कुठे होती? आणि हे मला नाही, शेजारच्या बाईंना विचारलं.

मी मराठीत सांगितलं, टीचर, थोडक्यात. त्या म्हणाल्या, "किनाऱ्यावर. दरवर्षीच असतात. मी तिथं असायचे, तर तिथं वाचायची. यंदा सरांनी मला जाऊ दिलं नाही."

मी इंग्रजीत सांगितलं, काही व्यवस्थापकीय अडचणी होत्या.

संचिता मॅडम मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या. त्यांनी पूर्ण भाषांतर केलं. 'सरांनी'सकट.

चिसोमो टीचर उठून गेल्या. मला वाटलं, नेट गेलं. एक फोटो घेऊन परत आल्या. सरोवराचा काठ, बोरूच्या मांडवांवर बोटाएवढे मासे वाळत घातलेले, मांडवाखाली मुलं. त्यांच्या वर्गातूनही दर मोसमात अर्धी मुलं जातात. व्हेरा टीचरनी विचारलं, मासे उलटायला किती वाजता लागतात? मुली जास्त असतात की मुलगे? पहिल्यांदा कुणाला वाचायला बसवू, हे तिकडून आलं. पाऊण तास दोघी बोलत होत्या, संचिता मॅडम मधे. माझ्या एकवीस स्लाइड राहिल्या. एकदा मी हात वर केला. त्यांना वाटलं मी निरोप घेतोय. त्यांनीही हात हलवले.

उत्तनच्या प्रयोगाची निवड झाली! नऊही देशांत जाणार. नाव किंचित बदललंय: 'पहिला तास किनाऱ्यावर'. सादरकर्त्या व्हेरा टीचर. माझं नाव तळटीपेत आहे: यांनी हा तास तीस दिवस बंद ठेवल्यामुळे त्याचा उपयोग मोजता आला. संशोधनात अशी भूमिका फार थोड्यांच्या वाट्याला येते.

हेमालीला सविस्तर सांगितलं. तिने तळटीप दोनदा वाचली. म्हणाली, "उद्या चार वाजता. खडू कपाटात आहेत."

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ९.३०
नेटवर्कला फोटो हवेत म्हणून सकाळी किनाऱ्यावर गेलो. अठ्ठावीस मुलं होती. ट्रेसी एका हाताने बोंबील टांगत एका लहान मुलीला वाचून दाखवत होती. कार्डं सगळ्या वलांडींवर दोऱ्याने बांधलीयत. वाऱ्यावर फिरतात, उन्हात चमकतात. कावळे लांब माडावर बसून होते. टीचर म्हणाल्या, रोज वापरात राहिली पाहिजेत असं तुम्हीच लिहिलंय ना. माशाच्या कार्डाखाली कुणीतरी स्केचपेनने 'कुठला?' लिहिलंय. अक्षर वळणदार आहे.

तासभर थांबलो. एकही कावळा खाली आला नाही.

लॅमिनेशन उत्तम टिकलंय. चारला बीजगणित.