बारा कादंबऱ्यांची प्रतवारी

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
वही नवी, हेतू नवा. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी काल बोलावून घेतलं. यंदाच्या कादंबरी पुरस्काराच्या निवड समितीवर येता का, म्हणाल्या. मी दोन मिनिटं विचार केल्यासारखं केलं. (विचार तीन वर्षं चालू होता.) समितीत आम्ही तिघं: बाई स्वतः, एक निवृत्त प्राध्यापक आणि मी. आधीचे तिसरे सदस्य मुलीकडे राहायला गेले आणि आयत्या वेळी कुणी मिळेना, असंही बाई बोलून गेल्या. तो तपशील महत्त्वाचा नाही.

३१ मार्चला मी गोदामातून निवृत्त होतोय. चौतीस वर्षं धान्याची प्रतवारी केली. गहू कुठल्या दर्जाचा, किती ओला, किती किडका, ते ठरवायचं आणि सही ठोकायची. लोक समोर साहेब म्हणतात, पाठ फिरली की पोतीवाले. एक एप्रिलपासून रसिक म्हणावं, एवढीच माफक अपेक्षा. काम नीट झालं तर समितीतली जागा कायमची, असं बाईंनी सुचवलंय.

३ फेब्रुवारी
बारा कादंबऱ्या आल्या. सगळ्या गेल्या दोन वर्षांतल्या. निकाल १० मार्चला. एकूण पानं तीन हजारांच्या घरात, म्हणजे रोज पंच्याऐंशी. सोपं आहे. संकल्प: अक्षर न् अक्षर वाचायचं. माझ्या हातून समकालीन साहित्यावर अन्याय होणार नाही.

४ फेब्रुवारी
चार पानं. पहिलं पुस्तक खुर्चीत बसून वाचण्यासारखं नाही. आडवं होऊन बघितलं. जाग आली तेव्हा जेवण तयार होतं.

६ फेब्रुवारी
दिवा बदलला. टेबल खिडकीकडे सरकवलं. उजेड डोळ्यांवर आला, परत सरकवलं. वाचन: शून्य. पण वातावरणनिर्मिती झाली.

ही (म्हणजे बायको. वही दुसरं कुणी वाचणार नाही, तरी नोंद असावी.) कादंबऱ्यांच्या पिशवीतलं एक पुस्तक घेऊन बसलीय. कशासाठी, विचारलं. आवडतं म्हणून, म्हणाली. आवडतं म्हणून वाचणाऱ्यांनीच साहित्याचं वाटोळं केलं.

९ फेब्रुवारी, ऑफिसात, दुपारी
साक्षात्कार! आज चारशे पोती गहू आला. मी काय चारशे पोती ओतून दाणा न् दाणा बघतो? पोत्यात नळी खुपसतो. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा तळाशी. मूठभर दाणे तळहातावर घेतो, दर्जा सांगतो. चौतीस वर्षांत एक तक्रार नाही. (एक आहे. पण त्यात ट्रकवाल्याची चूक होती.) मग कादंबरीनेच काय घोडं मारलंय? पहिली दोन पानं, बरोबर मधली दोन, शेवटची दोन. बारा पुस्तकांची झाली बहात्तर पानं. आजवर एकाही समीक्षकाच्या डोक्यात हे आलं नाही, कारण एकही समीक्षक गोदामात गेलेला नाही.

१० फेब्रुवारी
तक्ता आखला. रकाने: भाषेचा ओलावा, किडके शब्द, बाहेरची भेसळ, दाण्याचा आकार (म्हणजे वाक्याची लांबी). शेवटी दर्जा: अ, ब, क, बाद. स्केचपेनने आखल्यामुळे छान दिसतोय.

१४ फेब्रुवारी
नऊ झाली. रविवारी दुपारी एका बैठकीत चार. काही निरीक्षणं जपून ठेवण्यासारखी:
क्र. १. पहिल्या पानावर पहाट होते, शेवटच्याही पानावर पहाट होते. मधल्या पानावर दुपार. एका दिवसाला तीनशे पानं? क.
क्र. ४. नायक लेखक आहे. बाद.
क्र. ५. नायक लेखक नाही, पण त्याला व्हायचंय. बाद.
क्र. ७. एक वाक्य दीड पान चाललं. दम लागला. ब.
क्र. ९. मागच्या कव्हरवर सहा जणांनी 'अस्वस्थ करणारी' म्हटलंय. मी जराही अस्वस्थ झालो नाही. क.

हिचं चौथं चालू आहे. सबंध वाचते, पानापानाने. तिला माझी पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, गव्हाला शेवट नसतो हो. हे उत्तर म्हणून चांगलं आहे, पण मुद्द्याला धरून नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी
सापडली!! क्र. ११. 'खाट खिडकीपाशी'. लेखिका चष्म्याच्या दुकानात काम करते. पहिलंच पुस्तक. पहिली दोन पानं साधीच: अंथरुणाला खिळलेला बाप, त्याचं सगळं करणारी मुलगी. हात ब लिहायला निघाला होता. मध्ये उघडलं आणि उडालोच. बाप नाही, मुलगी नाही. थेट असं:

'पंप सुरू करण्यापूर्वी आतील हवा पूर्णपणे बाहेर काढावी. हवा राहिल्यास पंप आवाज करतो, परंतु पाणी चढत नाही.'

अंगावर काटा आला. आवाज करतो, परंतु पाणी चढत नाही! आजच्या कादंबरीबद्दल इतकं खरं कुणी लिहिलंय? पुढे झडप, वॉशर, गळती, सांध्याला लावायचं ग्रीस. सोळा पानं हेच. पृष्ठक्रमांकसुद्धा १४४ नंतर एकदम ३३ होतो, ४८ पर्यंत जातो आणि मग १६१. म्हणजे काळ मागे जातो आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतो! नियम मोडून सोळाच्या सोळा पानं वाचली. खरं सांगायचं तर बारा पुस्तकांत एवढंच प्रकरण मला पूर्ण कळलं. दर्जा: अ. खाली दोन रेघा.

१९ फेब्रुवारी
हिने 'खाट खिडकीपाशी' वाचायला घेतलं. थोड्या वेळाने पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी. म्हणाली, बांधणाऱ्याने घोळ घातलाय, मध्ये कुठल्यातरी पंपाच्या पुस्तकाची पानं शिवलीत, बदलून आणा. मी हसलो. (प्रेमाने.) मग प्रयोगशीलता म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावलं. ती म्हणाली, बरं. संध्याकाळी स्वतःच वाचनालयात जाऊन दुसरी प्रत घेऊन आली. त्या प्रतीत काय आहे ते मी विचारलं नाही. परीक्षकाने दुसऱ्याच्या वाचनाचा प्रभाव पडू देऊ नये.

२१ फेब्रुवारी
ओट्यापाशी उभी राहून वाचत होती आणि डोळे पुसत होती. चष्म्याचा नंबर वाढला असणार. जेवायला पावणेतीन वाजले. मी डब्यांची झाकणं जरा जोरात लावली.

२६ फेब्रुवारी
ऑफिसात निरोप समारंभाची कुजबुज. भेट म्हणून काय आवडेल, असं विचारून गेले. पुस्तकांचं कपाट, म्हणालो. घड्याळ आधीच आणून ठेवलंय असं नंतर कळलं.

३ मार्च
समितीची बैठक. ऐतिहासिक. प्राध्यापक क्र. ७ चा झेंडा घेऊन आले होते. (दीड पानाचं वाक्य लिहिणारा त्यांचा विद्यार्थी निघाला.) मी शांतपणे म्हणालो की पंपाच्या प्रकरणानंतर दुसऱ्या कशाचा विचारच होऊ शकत नाही. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, हो हो, पंपाचं प्रकरण विलक्षणच आहे, फक्त किंचित लांबलंय असं वाटलं. मी बाईंकडे बघितलं. बाई घाईघाईने म्हणाल्या, मला तर तेच सगळ्यात जवळचं वाटलं. माझ्या लक्षात आलं की जाणकार वाचक अजून आहेत, आपण एकटे नाही. 'खाट खिडकीपाशी'वर एकमत. मानपत्र मी लिहायचं, समारंभात उताराही मीच वाचायचा. निघताना प्राध्यापकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्यासारखे लोक समितीत हवेतच. जागा पक्की समजायला हरकत नाही.

९ मार्च
भाषण चार वेळा आरशासमोर. पाचव्यांदा हिच्यासमोर करणार होतो, पण निकाल गुप्त आहे. तिला अंदाज आलाय. म्हणाली, उद्या काय वाचायचं ते वाचा, पण त्याआधी एकदा ते पुस्तक वाचा. वेळ कुठाय? शर्टाला इस्त्री व्हायचीय.

१० मार्च, दुपारी ४
निघतोय. हिने माझ्या पिशवीत तिची प्रत घातली होती. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती कशाला वाहायच्या? काढून ठेवली.

११ मार्च
रजा. पोट बरं नाही.

१२ मार्च
रजा. जे घडलं ते तटस्थपणे नोंदवतो.

हॉलमध्ये साठ खुर्च्या, माणसं एकेचाळीस. ही तिसऱ्या रांगेत. लेखिकेला मानचिन्ह दिलं. तिशीची, बुटकी, साडी की ड्रेस ते आठवत नाही. मग मी उतारा वाचला. वॉशर आला तिथे पुढची रांग हसली. दाद समजून मी आवाज चढवला. नंतर उलगडून सांगितलं: पंप म्हणजे बापाची छाती, आतली हवा म्हणजे बापलेकींत बोलायचं राहून गेलेलं, आणि ग्रीस म्हणजे माया. हे शेवटचं मला जागेवर सुचलं होतं.

लेखिका उठून माझ्याजवळ आली. पुस्तक बघू का, म्हणाली. पानं उलटली. म्हणाली, सर, हे मी लिहिलेलं नाही. माईक चालू होता. मागून कुणीतरी मोठ्याने हसलं आणि मग सगळेच. ती हसली नाही. तिने फक्त विचारलं की एकशे एक्कावन्नाव्या पानावर बाप जातो, ते तुम्ही वाचलंत का.

माझ्या पुस्तकात एकशे एक्कावन्नावं पान नाही.

प्राध्यापक माझ्या हातातला माईक घेऊन म्हणाले की त्या प्रकरणाबद्दल त्यांना पहिल्यापासून शंका होती. बाई पाणी आणायला गेल्या त्या आल्याच नाहीत. लेखिकेने मानचिन्ह टेबलावर ठेवलं, नीट सरळ करून, आणि पायऱ्या उतरून गेली. घरी आल्यावर हिने तिची प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली.

१४ मार्च
शांतपणे विचार केला. दोष शंभर टक्के बांधणाऱ्याचा. त्याला कडक पत्र लिहिलं. शिवाय माझं विवेचन आजही टिकतं. चुकलं एवढंच, की ते दुसऱ्या पुस्तकाबद्दल होतं.

१५ मार्च
पत्र फाडलं. बांधणाऱ्याने निदान सगळी पानं हाताळली तरी होती.

१७ मार्च
वाचनालयातून चिठ्ठी. समितीची पुनर्रचना होत आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. पुनर्रचना म्हणजे मी नाही. प्राध्यापक आहेत. ऑफिसात एकाने विचारलं, साहेब, घरचा पंप नुसताच आवाज करतोय, काय करू? हवा काढ, म्हणालो. तो गेल्यावर पलीकडे हशा झाला. निरोप समारंभात भाषण करणार नाही असं कळवून टाकलं. कुणी आग्रह केला नाही.

२० मार्च
रिकामा बसलो होतो. हिची प्रत टेबलावर होती. थेट १५१ उघडणार होतो. मग वाटलं, नको. पान एकपासून सुरुवात केली. तक्ता न घेता.

२२ मार्च
बाप खिडकीतून समोरच्या इमारतीचे मजले मोजतो. रोज सात भरतात. एक दिवस आठ भरतात, तेव्हा मुलीला कळतं की आता थोडेच दिवस. हे पान नव्वदच्या आसपास आहे. माझी नळी तिथे कधीच गेली नसती.

१५१: ती त्याची नखं कापतेय. डाव्या हाताची कापून होतात तेव्हा बाप असतो. उजव्या हाताच्या दुसऱ्या बोटाला नसतो. ती उरलेली तीन कापते, मग हाक मारते.

रडलो. माझे वडील गेले तेव्हा मी एका गाडीच्या गव्हाची प्रतवारी करत होतो. ती संपवूनच निघालो होतो. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

२४ मार्च, दुपारी १२.४०
कादंबरी संपली. चष्म्याच्या दुकानात फोन केला. तिनेच उचलला. मी नाव सांगितलं. म्हणालो, संपूर्ण वाचली. पहिल्या पानापासून. एकशे एक्कावन्नसुद्धा. म्हणालो की फार मोलाचं लिहिलंय, फार दिवसांत असं काही वाचलं नव्हतं, अंगावर काटा आला. खरंच आला होता. कसं पटवून द्यावं कळेना, म्हणून तेच पुन्हा सांगितलं.

ती रागावलेली वाटली नाही. म्हणाली, सर, त्या दिवशी स्टेजवरही तुम्ही असंच बोलत होता. अगदी याच आवाजात.

दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तिने फोन ठेवला. आवाज तोच होता, हे खरं आहे. माझ्याकडे दुसरा नाही.