दसऱ्याच्या आत टर्नटेबल

१४ सप्टेंबर
टण्ण… मग जरा शांतता, पुन्हा टण्ण. वाईच्या शाळेत शिपाई बनुबाई रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारायच्या, तो नाद आज सकाळी अचानक कानात घुमला. चहा तसाच राहिला. शुभसंकेत!
काल पुण्याहून नातीचा, प्रियदर्शनीचा फोन. ती गाणी बनवते. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात बसवतात, त्याला सॅम्पलिंग म्हणतात. तिला आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची रेकॉर्ड हवी आहे. तीत माझं कवितावाचन! म्हणजे माझा आवाज नव्या पिढीच्या ओठी. दसऱ्याला येणार, रेकॉर्ड वाजवायला टर्नटेबल मीच आणते म्हणाली. पोरीला कशाला त्रास? संकल्प : उत्तम टर्नटेबल मी निवडणार. दोन दिवसांचं काम.

१६ सप्टेंबर
इथे सांगलीतच, हळद बाजाराजवळ मोहसीनच्या दुकानात. बेल्ट ड्राइव्ह हवं की डायरेक्ट ड्राइव्ह, त्याने विचारलं. म्हटलं, जे अधिक भावपूर्ण असेल ते. सॅम्पलिंगला यूएसबीवालं घ्या, वायरीने लॅपटॉपला जोडता येतं, म्हणाला.
माझी अट एकच. रेकॉर्डिंग चालू असताना, ऐन तिसऱ्या कडव्यात, बनुबाई वर्गाच्या दारात येऊन ओरडल्या होत्या, "आवं गुर्जी, पानी आलंय! घागरी कुनी भरायच्या?" रेकॉर्डवर तेही उतरलं. अजून सलतं. ती ओरड ऐकू येणार नाही अशी सुई पाहिजे.
मोहसीन म्हणाला, "सर, सुई म्हंजे काय चहाची गाळणी हाय व्हय?"
तरुण आहे. अनुभव नाही.
घरी आलो तर बायकोने, विजयमालाने बजावलं, पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची न्हाई. मी तरी कुठे आणत होतो? अभ्यास चालू आहे.

१९ सप्टेंबर
चैन पडेना. एसटीने साताऱ्याला. तिथे एक लाल, सूटकेससारखं. झाकण लावलं की कडी. कवितेची अप्रतिष्ठा! दुसरं देखणं, पण त्यावर डीजे लोक रेकॉर्ड मागेपुढे घासतात म्हणे. माझा आवाज कोणी घासायचा नाही.
कंदी पेढे आणले. फेरी वाया गेली नाही.

२७ सप्टेंबर
घेतलं! मोहसीनकडूनच. लाकडी, बेल्ट ड्राइव्ह, यूएसबीविना. शुद्ध स्वराला वायरी कशाला? मोहसीनने विचारलं, मग सॅम्पलिंग कसं करनार? म्हटलं, ते खातं नातीचं.
विजयमाला लगेच लावा म्हणत होती. म्हटलं, आधी खंडेनवमीला यंत्राची पूजा. घरात शिस्त नको?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी
पूजा यथासांग. अस्सल सांगलीची हळद, झेंडू, नारळ. सुईला हळदकुंकवाचं बोट जरा दाबून लावलं. खरं शस्त्र तेच.

त्याच दिवशी, दुपारी
आज वाजवायचं नसतं. पण नुसतं तपासायला काय हरकत? तबकडी फिरते. आवाज नाही. बराच वेळ कान लावून बसलो.
विजयमाला डोकावून म्हणाली, "आवं, सुई कुटं हाय हितं? निर्माल्यात बघा."
सापडली. झेंडूत.
मोहसीनला फोन. नवी सुई आठवड्याने येईल.
मात्र एक मान्य करायला हवं : बनुबाईंची ओरड पूर्ण गेली. अंशतः यश.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी
प्रियदर्शनी आली. येताना टर्नटेबल घेऊन. लाल. सूटकेससारखं.
कडी उघडली, रेकॉर्ड लावली. काय तो माझा आवाज! डोळे मिटून ऐकत होतो. पोर मात्र मोबाइलमध्ये. तिसरं कडवं आलं, बनुबाई ओरडल्या, आणि ही ताडकन उठली. "आजोबा, हेच!" लॅपटॉप, हेडफोन, जेवण बाजूला. मी येरझाऱ्या घातल्या.
मग गाणं ऐकवलं. दण दण दण दण, "आवं गुर्जी, पानी आलंय! पानी आलंय!" मध्ये रेकॉर्ड मागेपुढे घासल्याचा आवाजही आहे. विजयमाला ताल धरून पोळ्या लाटत होती.
विचारलं, आणि माझी कविता? गळ्यात पडून म्हणाली, "तुम्ही आहात ना! 'आवं गुर्जी' म्हणते, ते गुर्जी कोण?"
खरंच. संपूर्ण गाणं मलाच उद्देशून आहे. नायक म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी
नायकाने कोणता सदरा घालावा, या विचारात होतो. बेल वाजली. आपट्याची पानं घेऊन शेजारी आले असतील म्हणून दार उघडलं. काठी टेकत बनुबाई! इथेच सांगलीत लेकीकडे राहतात म्हणे. विजयमालाची त्यांच्याबरोबर भिशी आहे, मला पत्ता नाही. फोन हिनेच केलेला.
मी पानं द्यायला हात पुढे केला. त्यांनी हातातली काठी माझ्याकडे दिली आणि उंबऱ्यातूनच, त्याच पट्टीत ओरडल्या,
"आवं गुर्जी, माजं गानं निघालंय म्हनं! कुटं बसू?"
प्रियदर्शनीने माझी खुर्ची पुढे सरकवली.